प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कोणाचा?

प्रल्हाद शिंदे यांचे नाव घेतले की परभणी जिल्ह्यात दोन प्रकारचे श्रोते दोन वेगळी गाणी आठवतात. आषाढीच्या दिवसांत गोदाकाठच्या देवळांवर, दिंड्यांच्या मुक्कामी, घरोघरच्या पूजेच्या मांडवात त्यांची विठ्ठलाची आणि सत्यनारायणाची गाणी लागतात. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी वस्त्यांमधल्या पंचशील ध्वजाखाली त्यांचीच भीमगीते लागतात. पहिल्या श्रोत्यांपैकी अनेकांना दुसऱ्या गाण्यांची गंधवार्ता नसते. दुसऱ्यांपैकी अनेकांना पहिली गाणी तोंडपाठ असतात, पण त्यांच्याविषयी बोलणे अवघड जाते. एकाच गळ्याचे असे वाटे करून ऐकणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही खटकतही नाही. मला ते खटकते, आणि का खटकते ते इथे मांडायचे आहे. भजन, कव्वाली आणि भीमगीत यांत घडलेला हा आवाज कॅसेटच्या जमान्यात मराठी लोकप्रिय संगीताचा कणा झाला, तेव्हा तो भक्तीपासून ढळला नाही आणि भक्ती विकून मोठाही झाला नाही. जमलेल्या माणसांना सोबत घेऊन गाण्याची जी विद्या त्याने कमावली होती, तीच त्याने जाईल तिथे नेली. ती विद्या कोणत्या दैवतापुढे वापरली गेली यावर आपण वर्षानुवर्षे वाद घातला. ती कमाई कोणाची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

शिंदे घराणे मूळचे मंगळवेढ्याचे. चोखोबांचे गाव ते हेच. गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून चोखामेळा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. त्या गावाशी नाळ असलेल्या घराण्यात १९३३ साली प्रल्हाद शिंदे जन्मले. शाळेची पायरी त्यांना फार चढता आली नाही. गाणे घरातच होते. मुंबईत ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत साथीला उभे राहिले. ‘अल हिलाल’ या १९५८ च्या चित्रपटातील कव्वालीने देशभर पोचलेले हेच ते इस्माईल आझाद. पुढे स्वतःची पार्टी, बाबासाहेबांवरची गाणी, कव्वालीचे सामने आणि मग ध्वनिमुद्रिका, असा त्यांचा प्रवास झाला. दत्ता पाटील यांनी लिहिलेले आणि मधुकर पाठक यांनी स्वरबद्ध केलेले ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गाणे त्यांच्या आवाजात इतके रुजले की अनेकांना तो एखाद्या संताचाच जुना अभंग वाटतो. मुलगे आनंद आणि मिलिंद यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅसेटचा बाजार हलवून सोडला. नातू आदर्श आज चित्रपटात आणि मालिकांच्या शीर्षकगीतांत गातो. २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. त्याच्या आधी सव्वा महिनाच, १५ मे रोजी, वामनदादा कर्डक गेले होते. आंबेडकरी गाण्याचा एक मोठा कवी आणि एक मोठा गळा एकाच उन्हाळ्यात हरपला, आणि मराठी संगीताच्या प्रतिष्ठित इतिहासाने त्याची फारशी नोंदही घेतली नाही.

या गळ्याची घडण नीट पाहिली पाहिजे, कारण माझे म्हणणे तिच्यावरच उभे आहे. भजनी मंडळात एक म्हणणारा असतो, मागे टाळकरी झील धरतात, पखवाज ठेका धरतो, पेटी सूर भरते. दहा-पंधरा टाळांच्या गजरात शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा तर आवाज वरच्या पट्टीत लावावा लागतो, स्वर उघडा ठेवावा लागतो आणि अक्षर न् अक्षर ठसठशीत फेकावे लागते. चरण अशा जागी सोडावा लागतो की झीलकऱ्यांनी तो हमखास उचलावा. लय हळूहळू चढवत नेऊन माणसे बेभान होण्याच्या आत ती हातात राखावी लागते. रात्रभराचा जागर असतो, म्हणून पहिल्या प्रहरातच दम घालवून चालत नाही. इथे वही किंवा स्वरलिपी नसते. समोर बसलेली माणसे साथ देतात की गप्प राहतात, यावरून गाणारा शिकतो. कव्वालीने यात आणखी भर घातली. एकच ओळ निरनिराळ्या अंगांनी फिरवायची, श्रोत्याला पुढच्या ओळीसाठी ताणून धरायचे, समोरच्या पार्टीच्या सवालाला जागच्या जागी जवाब द्यायचा, टाळ्यांचा ठेका गाण्याच्या पोटातच ठेवायचा. मराठवाड्याच्या कानाला ही रीत परकी नव्हती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, उर्दू ही दरबाराची आणि शाळेची भाषा होती, आणि परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस आजही दरवर्षी फेब्रुवारीत भरतो, त्याला सगळ्या जातिधर्मांची माणसे जातात. भजन एका पारावर आणि कव्वाली दुसऱ्या मैदानात, अशी दोन्ही ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. श्रावण यशवंते यांच्यासारख्या आंबेडकरी कव्वालांना मराठीतून कव्वाली गाता आली आणि ती लोकांना लगेच आपली वाटली, त्यामागे हा शेजार आहे.

आता आनंद शिंदे यांचे ‘जवा नवीन पोपट हा’ या घडणीशेजारी ठेवून ऐकावे. ध्रुवपद तोकडे आहे, दुसऱ्या फेरीला कोणालाही सोबत म्हणता येईल असे. गायक ओळ टाकतो आणि कोरस ती उचलतो. आवाज वरच्या पट्टीत, उघडा आणि खणखणीत आहे. ठेका असा की ऐकणाऱ्याचा हात आपोआप टाळीला जावा. विषय बदलला, प्रसंग बदलला, टाळांच्या जागी यंत्राचा ताल आला. गाणाऱ्याने माणसांना हाताशी धरण्याची तऱ्हा मात्र बापाच्या पार्टीत होती तीच आहे. पुढे २००६ साली ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुल यांना ‘कोंबडी पळाली’साठी पुरुष-आवाज हवा होता, तेव्हा त्यांनी आनंद शिंदे यांनाच बोलावले. चित्रपटसंगीताला जमावाचा आवाज लागतो तेव्हा तो या घराण्याकडे येतो, यात योगायोगाचा भाग नाही.

दैवत बदलले तरी गाण्याची रीत टिकून राहते, याचा याहून जुना पुरावा आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर आहे. जनाबाई गंगाखेडची. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात, आणि त्यांत दळण, कांडण, झाडलोट, शेणी ही बाईच्या कष्टाची कामे विठ्ठलाच्या सोबतीने चालतात. गोदावरीच्या दोन्ही काठांवर बायकांनी शतकानुशतके जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या, त्यांत विठ्ठल आहे, रुक्मिणी आहे, माहेरचा भाऊ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत आमच्या पाथरीपासून नदीपलीकडे असलेल्या माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांच्या ओव्या आहेत. जाते तेच, सूर तोच, दोन-दोन ओळींची घडण तीच, आणि ओवीत भीमराव आणि रमाबाई. या बायकांनी कोणाची नक्कल केली असे म्हणता येणार नाही. गाण्याची रीत त्यांच्या कष्टातून उगवलेली होती, म्हणून तिच्यात कोणाला बसवायचे हे ठरवायचा हक्कही त्यांचाच होता. आंबेडकरी जलशानेही हेच केले. तमाशातला गण आणि गौळण बाजूला सारून तिथे समाजजागृती आणली. ढोलकी, तुणतुणे आणि सवाल-जवाबाची रीत ठेवली. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर अभंग आणि ओवी सोडली नाही. अहमदनगरच्या मिशनमधल्या मराठी प्रार्थनेला त्यांनी तुकोबांचा छंद दिला. मराठी भक्तिगीताची रीत एका देवाच्या नावे खातेबंद कधीच नव्हती.

जगात इतरत्रही असे घडले आहे, आणि तिथल्या अनुभवाशी ताडून पाहिले की आपले वेगळेपण उठून दिसते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून जे भक्तिसंगीत निघाले त्याला गॉस्पेल म्हणतात, आणि तिथल्या लोकप्रिय संगीताचे निम्मे मोठे गळे त्या चर्चमध्ये तयार झाले. अरेथा फ्रँकलिनचे वडील डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू होते; ती मुलगी तिथे गात वाढली, १९६७ पासून तिच्या लौकिक गाण्यांनी अमेरिका जिंकली, आणि १९७२ मध्ये तिने पुन्हा चर्चमध्ये उभे राहून भक्तिगीतांचा संग्रह मुद्रित केला. सॅम कुक हा ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल गटाचा लाडका गायक. पहिले लौकिक गाणे त्याने डेल कुक या खोट्या नावाने काढले, कारण चर्चमधला श्रोता रागावेल ही धास्ती होती. महालिया जॅक्सनने तर लौकिक गाणे गायचे नाही असा नेमच केला. आणि ज्याला आधुनिक गॉस्पेलचा जनक मानतात तो टॉमस डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ नावाने बैठकीतली ब्लूज वाजवत असे. म्हणजे तिथेही चर्चचे गाणे शुद्ध आणि बाहेरचे भ्रष्ट, असा हिशेब इतिहासाला धरून नाही. दोन्ही बाजूंनी सारखी देवघेव चालली.

पण एका ठिकाणी दोन कहाण्या वेगळ्या होतात. अरेथाच्या समाजाचे चर्च त्या समाजाच्या मालकीचे होते. गोऱ्यांच्या चर्चने बाहेर ठेवले म्हणून त्यांनी आपले चर्च उभारले, आणि तिथे घडलेला गळा घरचा होता. प्रल्हाद शिंदे ज्या विठ्ठलाची गाणी गायले, त्याच्या देवळात त्यांच्या पूर्वजांना पाऊल ठेवता येत नव्हते. चोखोबांची समाधी पायरीपाशी, दाराबाहेर आहे. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले आणि ते दार १९४७ मध्ये उघडले. प्रल्हाद शिंदे तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्यांच्या कळत्या वयापर्यंत जे दार बंद होते, त्याच दाराकडे जाणाऱ्या वाटेचे गाणे पुढे त्यांच्या आवाजाने ओळखले जाऊ लागले. भक्तीच्या गाण्यातून लोकप्रियतेकडे जाण्याची गोष्ट अमेरिकेत घरातून अंगणात येण्यासारखी होती. इथे अंगणाबाहेरच्या माणसाने घरातल्या लोकांना त्यांची आरती शिकवली. हे ध्यानात घेतले नाही तर या कारकिर्दीचे मोल कळणार नाही.

इथेच पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो आंबेडकरी चळवळीतून येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या पहिल्या तीन प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव न मानण्याच्या आणि त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. असे असताना बौद्ध समाजातल्या गायकाने विठ्ठलाची आणि त्याहून पुढे जाऊन सत्यनारायणाची कथा गावी, हे त्या धर्मांतराला कमीपणा आणणारे नाही का? या प्रश्नामागची वेदना खरी आहे. ज्या कर्मकांडातून सुटण्यासाठी एका समाजाने एवढे मोठे पाऊल उचलले, त्याच कर्मकांडाला आपल्यातल्याच उत्तम गळ्याने घरोघर नेले, ही बोच कोणालाही लागावी अशीच आहे. तरीही तीन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे. पहिली अशी की या व्यवस्थेत दुसऱ्याच्या देवाचे आणि दुसऱ्याच्या लग्नाचे वाजवणे-गाणे हे दलित जातींच्या वाट्याला आलेले काम होते. सनई, हलगी, संबळ देवळाच्या बाहेर वाजत, वाजवणारा बाहेरच राही, आणि त्याच्याविना उत्सव होत नसे. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने भक्तिगीताला मोठे गिऱ्हाईक आहे म्हणून तसे गाणे दिले आणि गायकाने पोटासाठी ते गायले, तर दोष त्या जुन्या वाटणीचा मोठा आहे, गायकाचा लहान. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सॅम कुकने नाव बदलले. प्रल्हाद शिंदे यांनी ते केले नाही. विठ्ठलाच्या गाण्यांवर आणि भीमगीतांवर त्यांचे एकच नाव आहे. भक्तिगीतांनी घरोघर पोचल्यावर त्यांनी भीमगीते सोडली असती, तर सवर्ण श्रोत्यांत त्यांचे स्थान अधिक निर्धोक झाले असते. त्यांनी सोडली नाहीत, आणि तो वारसा पोराबाळांना दिला. लपवालपवी गायकाने केली नाही; वाटणी केली ती श्रोत्यांनी.

तिसरी गोष्ट त्या गाण्यांतच आहे. त्यांची विठ्ठलगीते ऐकताना जाणवते की हा आवाज गाभाऱ्यातल्या निश्चिंत भक्ताचा नाही. तो लांबून हाक मारतो. देवाकडे सुखाचा हिशेब मागणारे त्यांचे एक गाणे महाराष्ट्रभर गाजले, आणि त्यातला सूर आर्जवाचा असला तरी आतली मागणी धारदार आहे. चोखोबांच्या अभंगांत देवाला विचारलेले जे प्रश्न आहेत, आणि गंगाखेडच्या जनाबाईने विठ्ठलाला ज्या मोकळेपणाने शिव्याशाप दिले, त्यांच्याशी या सुराचे नाते लागते. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. संतांच्या भक्तीने जातिव्यवस्था मोडली नाही असे बाबासाहेबांचे स्पष्ट मत होते, तरी चोखोबांचा माणूस म्हणून मान त्यांनी राखला. प्रल्हाद शिंदे यांच्याबाबतही आंबेडकरी श्रोत्याला हीच दुहेरी भूमिका घेता येते: सत्यनारायणाच्या कथेला ठाम नकार, आणि ती गाण्याची वेळ ज्याच्यावर आली त्या कलावंताचा पूर्ण मान.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. भजनाचा आवाज बाजारात गेला की उथळ होतो, कॅसेटवाल्यांनी मराठी गाणे नासवले, अशी ओरड आनंद-मिलिंद यांच्या गाण्यांवर भरपूर झाली. यातला एक भाग मला मान्य आहे. त्या लाटेत घाईघाईने काढलेली पुष्कळ गाणी सुमार होती, आणि बाईला चेष्टेचा विषय करणारी, दुहेरी अर्थावर तगलेली कित्येक गाणी आज ऐकवत नाहीत. पण देवाचे गाणे आणि शृंगाराचे गाणे एकाच तोंडात शोभत नाही, हा दंडक मराठीत कधी होता? ज्या होनाजीने शृंगाराच्या लावण्या रचल्या, त्यानेच पहाटेची भूपाळी रचली, आणि ती आजही घराघरांत म्हटली जाते. सोलापूरचे राम जोशी लावणीही करत आणि कीर्तनालाही उभे राहत. तमाशाचा एकच फड गणाने सुरू होऊन गौळणीतून वगाकडे जातो. बैठकीच्या लावणीला आपण कला म्हणतो, चित्रपटातल्या लावणीला टाळ्या देतो, आणि तोच चावटपणा आंबेडकरी वस्तीतून आलेल्या कॅसेटच्या गायकाने केला की संस्कृतीची चिंता वाटू लागते. या निवडक चिंतेत जात नाही असे म्हणणे कठीण आहे. आणि भक्ताने चारचौघांत, भर बाजारात उतरू नये असे ज्यांना वाटते त्यांनी गंगाखेडच्या जनाबाईकडे जावे. लोकलाज सोडून, टाळ-वीणा घेऊन, भरल्या बाजारातून मी जाईन, या अर्थाचा तिचा अभंग प्रसिद्ध आहे. तिचा बाजार आणि कॅसेटचा बाजार एक नव्हे, हे उघड आहे. तिथे काही विकले जात नव्हते. पण भक्तीची जागा चार भिंतींत ठरवून देणाऱ्यांना तिने दिलेले उत्तर जुने होत नाही.

बाजाराविषयी खरी तक्रार करायची असेल तर ती गाण्याच्या चवीबद्दल करू नये, पैशाच्या वाटपाबद्दल करावी. तबकडीच्या काळात मराठी गाण्याची निवड मोजक्या कंपन्या आणि आकाशवाणी करत. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला रुचणारे भावगीत तिथे मानाने बसे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, थोड्या भांडवलात गाणे काढता येऊ लागले आणि टेपरेकॉर्डर खेड्यातल्या चहाच्या टपरीवर पोचला. ज्यांना आधी दारात उभे केले जात नव्हते त्या गायन पार्ट्यांचे आवाज पहिल्यांदा छापील वेष्टनात विकले गेले. ही या तंत्राची मोठी देणगी आहे. पण चलन एकरकमी मानधनाचे होते. गायकाने गायचे, ठरलेली रक्कम घ्यायची आणि घरी जायचे. पुढे त्या कॅसेटच्या किती प्रती खपल्या त्याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाच्या हक्काला खरी जागा मिळाली ती १९९४ च्या दुरुस्तीने. गाण्याच्या व्यापारी वापरातून गायकाला स्वामित्वधन मिळावे हे २०१२ च्या दुरुस्तीने पक्के झाले, आणि गायकांची स्वतःची हक्कसंस्था २०१३ मध्ये उभी राहिली. पोपटाचे गाणे घरोघर वाजले ते याच्या किती तरी आधी. प्रल्हाद शिंदे तर २०१२ ची दुरुस्ती होण्याआधी आठ वर्षे गेले होते. ज्यांच्या आवाजावर पंढरीच्या वाटेवर तीन दशके ध्वनिफिती विकल्या गेल्या, त्यांच्या काळी कायदा त्यांच्या बाजूने उभाच नव्हता. शिंदे निदान नावाजले तरी. पार्टीतला ढोलकीवाला, बुलबुल तरंगवाला, कोरसमधल्या बाया आणि चाळीत बसून गाणे लिहून देणारा गीतकार यांचे नावही वेष्टनावर नीट नसे.

तिसरी पिढी वेगळ्या जगात आहे. आदर्श शिंदे यांनी २०१३ च्या ‘दुनियादारी’त ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ गायले, ते चित्रपटसंगीताच्या मुख्य धारेतून. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली आणि तिच्या शीर्षकगीतातून आदर्शच्या आवाजात भीमरायाचे नाव सगळ्या जातींच्या घरांत गेले. आजोबांच्या काळी भीमगीत वस्तीत ऐकले जाई आणि विठ्ठलगीत बाहेर. नातवाच्या काळात ती भिंत थोडी खचली, असे मी मानतो. गायकीच्या अंगाने मात्र मला काळजी वाटते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकट्याने, कानाला यंत्र लावून, तुकड्या-तुकड्यांनी गाणे भरले जाते. झील धरणारे समोर नसतात आणि श्रोता हुंकार देत नाही. आदर्शच्या गळ्यात घराण्याची पट्टी आणि फेक शाबूत आहे, कारण तो घरात आणि कार्यक्रमांत तयार झाला. पण जिल्ह्यातल्या पोरांना आज भजनी मंडळात बसायला वेळ नाही आणि जयंतीच्या मिरवणुकीत गायन पार्टीची जागा डीजेने घेतली आहे. पुढचा गळा कुठे तयार होणार, याचे उत्तर मला दिसत नाही. संगीताच्या स्पर्धांत मुले प्रल्हाद शिंदे यांची गाणी गातात, सुरेल गातात, पण मागच्या रांगेला उचलून घेण्याची कला परीक्षकांसमोर एकट्याने उभे राहून येत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे एका घराण्याच्या यशावरून काढलेले अनुमान आहे, आणि यश अपवादाला मिळते. मान्य, म्हणून तर घराण्याच्या मागे उभ्या असलेल्या बिनचेहऱ्याच्या लोकांपर्यंत जायला हवे. विठ्ठल उमप कोळीगीत, कव्वाली, पोवाडा आणि ‘जांभूळ आख्यान’ हे सारे सारख्याच ताकदीने गायले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात मंचावरच कोसळून गेले. त्यांचे नाव तरी राहिले. पण जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा या तालुक्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत किती गायन पार्ट्या होत्या, कोण गात होते, कोण लिहीत होते, कोणत्या चाली कोणत्या मंडळातून आल्या, याची सलग नोंद कोणाकडे असल्याचे दिसत नाही. त्या काळात तरुण असलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. शिंदे अपवाद होते की असंख्यांतले एक, हे ठरवण्याचा पुरावा त्यांच्याबरोबर संपतो आहे.

म्हणून ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांना नावानिशी विनंती करतो. परभणी आकाशवाणीने आपल्या जुन्या फितींतली भजने, भीमगीते आणि कव्वाल्या गायक, वादक, गीतकार यांच्या नावांसह सूचीबद्ध करावीत आणि अभ्यासकांना खुली करावीत. परभणी जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने गायन पार्ट्यांतल्या हयात कलावंतांच्या मुलाखती आणि चाली मुद्रित करण्याचा प्रकल्प हाती घ्यावा, आणि त्याच प्रकल्पात वारकरी भजनी मंडळे आणि उरुसातले कव्वाल यांनाही घ्यावे. वेगवेगळ्या खात्यांत त्यांची विभागणी करू नये. जुन्या कॅसेटची गाणी आज मोबाइलवर चढवून पैसे मिळवणाऱ्यांनी प्रत्येक गाण्याखाली गीतकार आणि संगीतकाराचे नाव द्यावे आणि त्यांच्या वारसांचा वाटा पोचवावा. आणि येत्या आषाढीला ज्या देवळावर प्रल्हाद शिंदे यांचा आवाज लागेल, तिथल्या मंडळींनी त्यांचे एखादे भीमगीतही मिळवून, शेवटपर्यंत ऐकावे.